परत बोलावता न येणारे धान्य

मलकापूरहून बुलढाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोताळा हे तालुक्याचे गाव लागते. अशा गावातील एखाद्या किराणा दुकानाच्या फळीवर अननसाच्या फोडींचा अथवा आमरसाचा हवाबंद डबा असलाच, तर तो लग्नकार्यासाठी किंवा पाहुण्यारावळ्यांसाठी विकत घेतला जातो. एका घरात वर्षाकाठी असे किती डबे उघडले जात असतील, हे बोटांवर मोजता येईल. रास्त भावाच्या दुकानातून आणलेले गहू-तांदूळ मात्र त्याच गावातील असंख्य चुलींवर दररोज शिजतात. या दोन अन्नांतील एक भेद सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. डब्यावर कारखान्याचे नाव असते, चौदा अंकी परवाना क्रमांक असतो, तयार केल्याची तारीख असते, आणि तो डबा कोणत्या खेपेतील आहे हे सांगणारा एक सांकेतिक क्रमांकही असतो. पिशवीतून घरी येणाऱ्या गव्हावर यांपैकी काहीच नसते. क्वचित खाल्ल्या जाणाऱ्या अन्नाला पूर्ण ओळख, आणि रोज खाल्ल्या जाणाऱ्या अन्नाला कसलीच ओळख नाही, अशी ही विपरीत स्थिती आहे. तिचे परिणाम काय होऊ शकतात, हे बुलढाणा जिल्ह्याने नुकतेच अनुभवले आहे.

डब्यावरील क्रमांकाचे महत्त्व समजण्यासाठी डबाबंद फळांचा व्यवहार थोडा समजून घ्यावा लागतो. फळांच्या फोडी पाकासह डब्यात भरून, डबा हवाबंद करून, ठरावीक काळ ठरावीक उष्णता दिली म्हणजे आतील जीवाणू मरतात व फळ दीर्घकाळ टिकते. बहुतेक फळे आंबट असतात व त्या आंबटपणामुळे घातक जीवाणूंची वाढ रोखली जाते. म्हणून त्यांना उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. परंतु सीताफळ, पपई, पिकलेले केळे अशा कमी आंबट फळांत सायट्रिक आम्ल मिसळून आंबटपणा वाढवावा लागतो. ते प्रमाण चुकले, किंवा उष्णता कमी पडली, तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूची बीजे डब्यात जिवंत राहू शकतात. साध्या उकळण्याने ती मरत नाहीत. त्यांच्यासाठी दाबाखाली १२१ अंश सेल्सियसपर्यंतची उष्णता लागते. हवा नसलेल्या डब्यात ती वाढीस लागली, की ज्ञात विषांपैकी सर्वांत जहाल अशा एका विषाची निर्मिती होते. डबा कधी फुगतो, कधी फुगतही नाही. चवीवरून व वासावरून हा धोका ओळखता येईलच अशी खात्री नसते.

म्हणूनच सुव्यवस्थित कारखान्यात प्रत्येक खेपेची नोंद ठेवली जाते. अमुक दिवशी, अमुक पाळीत, अमुक यंत्रात उष्णता कमी पडली असे उघडकीस आले, की त्या क्रमांकाचे तेवढेच डबे बाजारातून परत मागवता येतात. १९७१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ डबाबंद बटाट्याचे सूप घेतल्यानंतर एका गृहस्थाचा मृत्यू झाला व त्याची पत्नी अत्यवस्थ झाली. चौकशीत त्या खेपेत ६,४४४ डबे तयार झाल्याचे आढळले. परत मिळवलेल्या ३२४ डब्यांपैकी पाच डब्यांत विष निघाले. हे पाच डबे कोणाच्या ताटात गेले असते, हे सांगता येत नाही. ते गेले नाहीत, याचे श्रेय डब्याच्या क्रमांकाला व तातडीने निघालेल्या आदेशाला द्यावे लागेल. परत बोलावण्याची व्यवस्था म्हणजे चूक घडणारच नाही याची हमी नसते. चूक घडल्यावर ती किती घरांपर्यंत पोहोचू द्यायची, यावरील नियंत्रण तिच्यामुळे हाती राहते.

आपल्या देशालाही ही कल्पना नवी नाही. फळांचे मुरंबे, सरबते, डबाबंद फोडी यांसाठी १९५५ साली फळ उत्पादन आदेश निघाला. त्या आदेशाखालील एफपीओ ही खूण सरबताच्या बाटल्यांवर पाहतच दोन पिढ्या मोठ्या झाल्या. पुढे २००६ साली अन्न सुरक्षा व मानके अधिनियम झाला व ऑगस्ट २०११ पासून जुने आदेश त्यात विलीन झाले. या अधिनियमाच्या २८ व्या कलमाने अन्नव्यावसायिकावर असे बंधन घातले, की आपला माल कायद्याच्या कसोटीस उतरत नाही असे मानण्यास कारण असेल तर त्याने तो ताबडतोब बाजारातून मागे घेण्यास आरंभ करावा व अधिकाऱ्यांस कळवावे. २०१७ साली परत बोलावण्याच्या रीतीविषयी स्वतंत्र विनियमही झाले.

ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते, हे २०१५ साली सर्वांनी पाहिले. शिशाचे प्रमाण अधिक असल्याच्या संशयावरून त्या वर्षी ५ जूनला मॅगी नूडल्स देशभरातून परत घेण्याचा आदेश निघाला, आणि लहानसहान गावांतील टपऱ्यांपर्यंत पोहोचलेली पाकिटे हजारो टनांच्या हिशेबाने माघारी गेली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. कंपनीस म्हणणे मांडण्याची योग्य संधी मिळाली नाही, आणि तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाली नाही, असे न्यायालयाने म्हटले. फेरतपासणीत माल निर्दोष ठरून तो पुन्हा विक्रीस आला. या प्रकरणातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. संशय आल्यास माल खेड्यापाड्यांतूनही परत आणता येतो. आणि संशयाला विश्वासार्ह तपासणीचा आधार नसेल तर निर्णय टिकत नाही. ओळख आणि तपासणी अशा दोन पायांवर ही व्यवस्था उभी असते. त्यांपैकी एकही पाय नसेल तर काय होते, ते बुलढाणा जिल्ह्यात दिसले.

डिसेंबर २०२४ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. डोक्याला खाज सुटे, दोन-तीन दिवसांत केस हातात येत आणि आठवडाभरात टक्कल पडे. बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांची नावे जानेवारी २०२५ मध्ये राज्यभर झाली. हा खारपाणपट्टा असल्यामुळे प्रथम संशय पाण्यावर गेला. तपासणीत पाण्यातील नायट्रेट व क्षारांचे प्रमाण वाढलेले आढळले. बुरशीची शंका घेतली गेली. कोणी नव्या साबणाकडे, कोणी शाम्पूकडे बोट दाखवले. ‘टक्कल व्हायरस’ असे एक निराधार नावही रूढ झाले आणि त्या नावाने आजाराइतकेच नुकसान केले. बाधितांना टाळले जाऊ लागले, मुलींच्या सोयरिकी अडल्या, अनेक मुलामुलींनी मुंडण करून शाळा-महाविद्यालयात जाण्याचे सोडले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली व रक्त, लघवी, केस, पाणी, माती, धान्य यांचे नमुने घेऊन गेली.

पुढे महाड येथे वैद्यकीय व्यवसाय करणारे व विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या गावांची पाहणी केली. १८ गावांतील २७९ व्यक्ती बाधित असल्याची नोंद त्यांनी केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाधितांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण अनेक पटींनी वाढले होते, जस्ताचे प्रमाण घटले होते, आणि रास्त भावाच्या दुकानातून आलेल्या गव्हात सेलेनियम स्थानिक वाणाच्या सुमारे सहाशे पट होते, असे त्यांनी सांगितले. सेलेनियम शरीराला लागते. परंतु प्रौढ माणसाची दैनंदिन गरज अवघी ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि ४०० मायक्रोग्रॅम ही सुरक्षिततेची वरची मर्यादा मानली जाते. त्यापुढे सेवन होत राहिले की केस व नखे गळतात. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६० च्या दशकात याच लक्षणांची साथ आली होती व तिचे मूळ तेथील मातीत आणि तीत पिकलेल्या अन्नात सापडले होते. एप्रिल २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांची नखे कमजोर होऊन गळू लागल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा हे साम्य अधिकच जाणवले.

हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता, असे सांगण्यात आले. पंजाबच्या होशियारपूर व नवांशहर या जिल्ह्यांतील काही पट्ट्यांत जमिनीत सेलेनियम अधिक असते व ते पिकांत उतरते, हे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी काही दशकांपूर्वीच दाखवून दिले आहे. तथापि यावरून साऱ्या पंजाबच्या गव्हावर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. देशाची भूक ज्यांनी भागवली, त्या शेतकऱ्यांच्या लाखो टन निर्दोष गव्हाविषयी शंका निर्माण करण्याचा अधिकार कोणालाही नाही. खरी अडचण याच ठिकाणी आहे. ‘पंजाब-हरियाणाचा गहू’ एवढीच ओळख जनतेच्या हाती असेल, तर संशय दोन राज्यांच्या संपूर्ण पिकावर जातो. तो कोणत्या बाजारपेठेतला, कोणत्या हंगामातला, कोणत्या खेपेतला हे सांगता आले असते, तर संशयाची सीमा काही वाघिणींपुरती आखता आली असती. ओळख नसली म्हणजे दोषी सुटतो आणि निर्दोषावर आळ येतो.

रास्त भावाच्या दुकानात धान्याचा प्रवास कसा होतो, ते पाहिले तर ही ओळख कोठे हरवते हे कळते. खरेदी होते तेव्हा गोणीवर खरेदीचे वर्ष, संस्था यांच्या खुणा असतात. ती गोणी रेल्वेने वखारीत येते, वखारीतून तालुक्याच्या शासकीय गोदामात, आणि तेथून दुकानात. दुकानात गोणीचे तोंड उघडले जाते, धान्य काट्यावर जाते आणि शिधापत्रिकाधारकाच्या पिशवीत पडते. त्या क्षणी गोणीवरील खुणा निरुपयोगी होतात. रिकामी गोणी बाजूला जाते व धान्य अनामिक होते. महिन्याचे धान्य महिन्यात संपते. आजाराचे कारण दोन-अडीच महिन्यांनी उजेडात येत असेल, तर तोवर परत बोलावण्याजोगे काही उरलेलेच नसते.

आणि तरीही याच दुकानात एक अचूक नोंद दर महिन्याला होत असते. आधार क्रमांकाशी जोडलेल्या यंत्रावर अंगठा ठेवल्याशिवाय धान्य मिळत नाही. शेतमजुरी करून झिजलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्राने ओळखला नाही, तर म्हाताऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा खेपा घालाव्या लागतात. कोणत्या कुटुंबाने, कोणत्या दिवशी, किती किलो गहू उचलला, हे शासनाला क्षणात सांगता येते. कोणत्या खेपेतील गहू उचलला, हे मात्र सांगता येत नाही. खाणाऱ्याची ओळख पटवण्यासाठी एवढी यंत्रणा उभी राहिली. खाल्ल्या जाणाऱ्या धान्याची ओळख ठेवण्याचे कोणाला सुचले नाही. गरीब माणूस अधिक धान्य नेईल, ही भीती व्यवस्थेला वाटली. त्याला वाईट धान्य मिळेल, ही भीती तिला तितक्या तीव्रतेने वाटली नाही, असाच याचा अर्थ होतो.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ साली झाला. त्याअन्वये प्राधान्य कुटुंबांना दरडोई पाच किलो व अंत्योदय कुटुंबांना प्रत्येकी पस्तीस किलो धान्य दरमहा मिळते, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत दिले जाते. देशातील सुमारे ८० कोटी आणि महाराष्ट्रातील सुमारे सात कोटी लोक या छत्राखाली येतात. ही योजना म्हणजे स्वतंत्र भारताच्या मोठ्या उपलब्धींपैकी एक आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु फुकट मिळालेल्या अन्नाविषयी तक्रार कशी करावी, असा संकोच घेणाऱ्याच्या मनात असतो, आणि देणाऱ्याच्या मनात उपकाराची भावना हळूच शिरते. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही गैर आहेत. अन्न सुरक्षा अधिनियमाने ‘अन्नव्यवसाय’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तीत नफ्यासाठी असो वा नसो, सार्वजनिक असो वा खासगी, असे दोन्ही प्रकार स्पष्टपणे धरले आहेत. सरबताच्या कारखानदारावर जे दायित्व आहे, ते धान्याच्या सरकारी साठवणुकीवर व वाटपावर नाही, असे म्हणण्यास कायद्यात आधार सापडत नाही.

शाळांमधील शिक्षकांना या प्रश्नाची एक बाजू चांगली परिचयाची आहे. शालेय पोषण आहार मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने तो चाखून पाहावा, असा नियम आहे. करपलेले, आंबलेले, किडके अन्न त्यामुळे अडते, म्हणून तो नियम चांगलाच आहे. पण जिभेला सेलेनियम कळत नाही. १९९६ साली गुजरातेतील एका निवासी शाळेत शेव व ताक घेतल्यानंतर ३४ विद्यार्थी आजारी पडले व तिघे दगावले. बोट्युलिनम जातीचे विष निर्माण करणारा जीवाणू नंतर शेवेत सापडला. ताटापाशी घेतलेली खबरदारी शेवटची असते, ती पहिली व एकमेव असू नये. जे काम प्रयोगशाळेने आणि नोंदवहीने करायचे, ते शिक्षकाच्या जिभेवर सोपवून निश्चिंत होता येत नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातील. धान्य हा सुटा माल आहे, ते गोदामात एकमेकांत मिसळते, त्याला डब्याप्रमाणे क्रमांक कसा देणार, असा पहिला आक्षेप. तो अंशतः खरा आहे. प्रत्येक दाण्याचा माग काढा, असे कोणी म्हणत नाही. तालुक्याच्या गोदामात आलेली प्रत्येक खेप वेगळ्या क्रमांकाने नोंदवणे, आणि दुकानात कोणत्या खेपेच्या गोण्या गेल्या हे लिहिणे, एवढे काम कोणताही दक्ष लिपिक आजच्या साठा नोंदवहीत करू शकेल. तो क्रमांक दुकानातील यंत्रात भरला, की पावतीवर वजनाशेजारी तोही छापला जाईल. यंत्र आहे, पावती आहे, नोंद करणारा माणूस आहे. केवळ एक रकाना वाढवायचा आहे. दोन खेपा मिसळल्या तर दोन्ही क्रमांक लिहावेत. दोन खेपांवरचा संशय हा दोन राज्यांवरच्या संशयापेक्षा केव्हाही बरा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. धान्य परत बोलावले तर लोकांत घबराट पसरेल, आणि ज्याचा महिना त्या धान्यावरच निघतो ते कुटुंब उपाशी राहील. याचे उत्तर परत न बोलावणे हे असू शकत नाही. परत घेतलेल्या किलोमागे त्याच दिवशी दुसऱ्या खेपेचा किलो देणे, हे असले पाहिजे. डब्याची किंमत ग्राहकाला परत मिळाली की काम भागते. धान्याच्या बाबतीत पैसे पुरत नाहीत, त्याऐवजी धान्यच द्यावे लागते. घबराटीविषयी बोलायचे तर ती माहितीमुळे पसरत नाही, माहितीच्या अभावी पसरते. शेगाव तालुक्यात साबण, शाम्पू, पाणी, बुरशी, विषाणू अशा पाच-सहा संशयांचे वादळ उठले, कारण निश्चित असे काहीच कोणी सांगू शकत नव्हते. ‘अमुक क्रमांकाचा गहू वापरू नका, तो बदलून घ्या’ एवढे वाक्य ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिता आले असते, तर अफवांना फारशी जागा उरली नसती.

या नोंदीला जोड हवी ती राखीव नमुन्याची. प्रत्येक खेपेतील किलो-दोन किलो धान्य मोहोरबंद करून तालुक्याच्या गोदामात सहा महिने ठेवले, तर आजार उशिरा उद्भवला तरी तपासण्यास काही शिल्लक राहील. आज तपासणीसाठी बाधितांच्या घरच्या डब्यात उरलेल्या मूठभर गव्हाकडे पाहावे लागते. ज्या पट्ट्यांत जमिनीतच दोष असल्याचे शास्त्रज्ञांनी सांगितले आहे, तेथील गव्हाची तपासणी तो रेल्वेत चढण्यापूर्वीच व्हावी. ही तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत व्हावी, म्हणजे २०१५ सालाप्रमाणे निर्णयच डळमळीत होणार नाही. यांतील कोणतीही गोष्ट अशक्य कोटीतील नाही, आणि सरबताच्या बाटलीसाठी जे केले जाते त्याहून अधिकही नाही.

गव्हाचा दोष कितपत होता, पाण्याचा किती, याविषयी शास्त्रज्ञांत चर्चा होत राहील, आणि ती झाली पाहिजे. परंतु त्या चर्चेचा निर्णय कोणत्याही बाजूने लागला, तरी एक गोष्ट बदलत नाही. उद्या मोताळ्यात, नांदुऱ्यात किंवा राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या एखाद्या तालुक्यात वाटलेल्या धान्याविषयी असाच संशय आला, तर ते धान्य परत बोलावण्याचे साधन आज कोणापाशी नाही. किराणा दुकानातील फळांचा डबा सदोष निघाला, तर त्याला बोलावणारा क्रमांक त्याच्या पाठीवर आहे. पावतीवर धान्याच्या खेपेचा क्रमांक छापण्यास किती खर्च येईल, याचा हिशेब पुरवठा खात्याने अवश्य करावा. तो करताना शाळेत जाण्याचे सोडून घरी बसलेल्या त्या मुलामुलींची किंमत दुसऱ्या पारड्यात टाकावी, एवढीच अपेक्षा आहे.